चितळ मादी गाभण आहे की नाही, हे तिला न पकडता लेंड्यांवरून कळेल का?

पशुवैद्य, होटगी रस्ता (प्रश्न)

नमस्कार. सोलापूरजवळच्या एका बंदिस्त चितळ-कळपाचे पशुवैद्यकीय काम मी पाहतो. कळप वाढल्यामुळे काही माद्या पावसाळा संपल्यावर दुसऱ्या केंद्राकडे पाठवण्याचा विचार चालू आहे. त्यांपैकी गाभण कोणत्या, हे व्यवस्थापनाला आधी खात्रीने हवे आहे, कारण दिवस भरत आलेल्या मादीला पेटाऱ्यात घालून ट्रकने नेण्याची जोखीम कोणीच पत्करणार नाही.

गाई-म्हशींच्या बाबतीत हा प्रश्न हात घालून किंवा सोनोग्राफी करून पाच मिनिटांत सुटतो. चितळाच्या बाबतीत पकडणे हीच खरी जोखीम आहे. जाळ्यात किंवा भूल देताना मादी जिवाच्या आकांताने धडपडली, तर स्नायूंना इजा होऊन ती त्याच दिवशीच नव्हे, तर काही दिवसांनीही दगावू शकते. त्यामुळे लेंड्यांमधील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजून निदान करण्याच्या पद्धतीकडे मी वळलो आहे.

शहरातील माणसांच्या रक्ततपासणीची प्रयोगशाळा हे काम करू शकेल का, आणि प्रत्येक मादीचा एकेक नमुना पुरेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. व्यवस्थापनातील एका सहकाऱ्याने आग्रहाने विचारले म्हणून आणखी एक लिहितो : औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भचाचणीची पट्टी हरणाच्या मूत्रावर का चालू नये? कळपात एकाहून अधिक प्रौढ नर आहेत आणि सध्या ते माद्यांबरोबरच असतात.

संप्रेरक अभ्यासक

पट्टीचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. ती पट्टी एचसीजी नावाचे संप्रेरक ओळखते आणि ते माणसाच्या व त्याच्या जवळच्या प्रायमेट (माकडवर्गीय) नातलगांच्या वारेत तयार होते. हरणाच्या वारेत ते होत नाही. त्यामुळे मादी उद्या विणार असली तरी पट्टीवर एकच रेघ दिसेल, आणि ती पाहून कोणी निश्चिंत झाले तर नुकसान मादीचे होईल.

आता मुख्य मुद्दा. अंडमोचनानंतर बीजांडकोषावर जे पीतपिंड तयार होते, ते प्रोजेस्टेरॉन स्रवते. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकते आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी चढलेलीच राहते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड विरते, पातळी खाली येते आणि मादी पुन्हा माजावर येते. रक्तातील हे प्रोजेस्टेरॉन यकृतात रूपांतरित होऊन पित्तावाटे आतड्यात उतरते आणि साधारण अर्ध्या ते एका दिवसाने लेंडीत दिसते. तुम्ही आज सकाळी उचललेली लेंडी म्हणजे कालच्या रक्ताची खबर असते. रक्ताच्या एका थेंबात त्या क्षणीची पातळी दिसते, तर लेंडीत काही तासांची सरासरी उतरलेली असते, आणि हा मला या पद्धतीचा फायदाच वाटतो.

मात्र यकृतातून आणि आतड्यातील जिवाणूंच्या हातून गेल्यावर मूळ प्रोजेस्टेरॉन जवळजवळ उरतच नाही. उरतात ती त्याची प्रेग्नेन गटातील रूपांतरित द्रव्ये, विशेषतः ५-अल्फा प्रकारची. रक्तजलातील मूळ प्रोजेस्टेरॉन अचूक ओळखावे यासाठी माणसांच्या प्रयोगशाळेतील यंत्राचे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक द्रव्याला चिकटून ते ओळखणारे प्रथिन) मुद्दाम काटेकोर बनवलेले असते, आणि नेमका तोच काटेकोरपणा इथे आडवा येतो. आपल्याला अशा प्रतिपिंडाची गरज असते, जे या द्रव्यांच्या संपूर्ण गोतावळ्याला चिकटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेतून आलेले सीएल ४२५ हे प्रतिपिंड याच गुणामुळे जगभरच्या प्राणिसंग्रहालयांच्या कामात वापरले गेले आहे. शहरातील प्रयोगशाळेने लेंडीचा अर्क यंत्रात घातलाच तर एक आकडा छापून येईल, पण त्या आकड्याला अर्थ असेलच असे नाही.

एका नमुन्याबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. चितळ मादीचे ऋतुचक्र साधारण तीन आठवड्यांचे असते आणि त्यातील बराचसा काळ, गर्भ नसतानाही, प्रोजेस्टेरॉन चढलेले असते. चढलेल्या पातळीचा एकच नमुना मिळाला तर मादी गाभण आहे की नुसती चक्राच्या मधल्या टप्प्यात आहे, हे तो सांगू शकत नाही, कारण गर्भारपणाच्या सुरुवातीला दोन्ही आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून आठवड्यातून दोन नमुने, निदान चार आठवडे, आणि तेही त्याच मादीचे, हा किमान हिशेब आहे. एका संपूर्ण चक्राहून अधिक काळ पातळी एकदाही खाली आली नाही, तर गर्भ असण्याची शक्यता फार मोठी. मधेच ती तळाला गेली, तर त्या वेळी तरी गर्भ नाही. उताराचा पुरावा चढाच्या पुराव्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो, आणि तुमच्या व्यवस्थापनाला हवा आहे तो नेमका हाच, ‘गाभण नाही’ असे सांगणारा पुरावा.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, बार्शी

वरील उत्तर शास्त्रीय आहे आणि त्याबद्दल वाद नाही. परंतु चार आठवडे, इतके नमुने आणि बाहेरगावची प्रयोगशाळा हे सारे ऐकून लहान केंद्राचे धाबे दणाणेल. आमच्या काळी गाई-म्हशींसाठी बेरियम क्लोराइडची चाचणी सांगितली जात असे. पाच मिलिलिटर मूत्रात एक टक्का द्रावणाचे काही थेंब टाकायचे. पांढरा साका बसला तर जनावर रिकामे, न बसला तर गाभण. गव्हाचे दाणे पातळ केलेल्या मूत्रात भिजवून ते किती उगवतात हे पाहण्याची पद्धतही काहींनी गाईंवर वापरली आहे; गाभण गाईच्या मूत्रात अंकुर कमी फुटतात, असे तिचे तत्त्व. खर्च काहीच नाही. चितळासाठी या पद्धती का पाहू नयेत?

शिवाय अनुभवी डोळ्याला शेवटच्या महिन्यात कास भरलेली दिसते, उजवी कूस उतरलेली दिसते, आणि मादी कळपापासून थोडी बाजूला राहू लागते. हेही निदानच आहे.

संप्रेरक अभ्यासक

डोळ्याचे निदान मी मुळीच कमी लेखत नाही. कास भरली हे राखणदाराने सांगितले तर मी प्रयोगशाळेची वाट पाहणार नाही. फक्त ते शेवटच्या काही आठवड्यांत होते, आणि वाहतुकीचा निर्णय त्याच्या बराच आधी घ्यावा लागतो.

बेरियम आणि गहू या दोन्ही चाचण्यांना मूत्र लागते, तेही स्वच्छ आणि भरपूर. गाय दावणीला बांधलेली असते; चितळ मादी मूत्र विसर्जित करताना भांडे धरायला कोणाला जवळ येऊ देणार? जमिनीवरून शोषून घेतलेल्या मूत्रात माती, क्षार आणि शेजारणीचे मूत्र मिसळलेले असते. गाईंवरदेखील या चाचण्यांचे निकाल जागोजागी वेगळे आले आहेत, आणि दाण्यांची उगवण मूत्राच्या तीव्रतेवर, क्षारांवर, अगदी बियाण्याच्या जातीवरही बदलते. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, तेव्हा ते द्रावण गव्हाणीच्या आसपासही नको.

मूत्र मिळत असेल तर त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. 1990 मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी थामिन हरणाच्या, म्हणजे आपल्या मणिपूरच्या संगाईच्या म्यानमारकडील भावंडाच्या, मूत्रातील संप्रेरकद्रव्यांवरून ऋतुचक्र आणि गर्भारपण यांचा मागोवा घेतला होता. मूत्र कमी-अधिक पातळ असते म्हणून तिथे आकडा क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रात बऱ्यापैकी ठरावीक प्रमाणात उतरणाऱ्या द्रव्याच्या, प्रमाणात मांडावा लागतो. आपल्याकडच्या मोकळ्या कुरणात मात्र लेंडीच सोयीची.

सकाळपाळी (प्राणिसंग्रहालयात काम केलेला)

प्रयोगशाळेबद्दल मी बोलणार नाही, कारण ते माझे काम नाही. परंतु तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे आणि तिथेच हे काम बहुतेक वेळा बिघडते. ही लेंडी कोणत्या मादीची, हे कोण सांगणार?

सकाळी कुरणात गेलात तर जिकडेतिकडे लेंड्याच असतात. चितळे रात्री एकत्र बसतात आणि पहाटे उठल्या उठल्या टाकतात. तासाभरात वीस जनावरांच्या लेंड्या एकमेकींत मिसळतात. अशा ढिगातून उचललेला नमुना पाठवलात तर निकाल येईल, पण तो कोणाचाच नसेल. कदाचित नराचाही असेल.

यावर एकच उपाय आहे : डोळ्यासमोर पडलेली लेंडीच उचलायची, बाकी सोडून द्यायची. त्यासाठी प्रत्येक मादी ओळखता आली पाहिजे. चितळाच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येकीची निराळी असते. पाठीच्या कण्यालगतच्या ओळी आणि खांद्यावरचे ठिपके यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, त्यांची एक वही करा, कानाची चीर किंवा जुनी जखम असेल तर तीही नोंदवा. दोन आठवड्यांत राखणदाराला वही उघडावी लागत नाही. दोघे जण लागतात : एक दुर्बीण घेऊन बसणारा, दुसरा उचलणारा. उचलणाऱ्याने लगेच धावू नये. मादी दहा-वीस पावले पुढे गेल्यावर जावे, नाहीतर आठवड्याभरात सगळा कळप तुम्हाला पाहून पळायला शिकतो.

खाद्यातून रंग किंवा चमकीचे कण देऊन लेंडी ओळखण्याची युक्ती काही ठिकाणी मांसाहारी प्राण्यांसाठी वापरतात. रवंथ करणाऱ्या जनावरात ते नीट जमत नाही, आणि ज्या मादीसाठी रंगवलेला घास टाकाल तो दांडगा नर येऊन खाऊन जातो. त्यापेक्षा मादीला चार आठवडे वेगळ्या छोट्या आवारात ठेवता आले तर सोपे; फक्त एकटी ठेवू नका, ओळखीची एखादी सोबतीण असू द्या, कारण एकटे चितळ घाबरून कुंपणाला धडकते.

लेंडी ताजी, ओलसर, तकाकी असलेली हवी. मूत्राने भिजलेली नको. एका जागच्या लेंड्या अनेक असतात आणि संप्रेरक त्यांत सारखे पसरलेले नसते, म्हणून पाच-सहा ठिकाणच्या घेऊन एका पिशवीत ठेवाव्यात. पिशवीवर तारीख, वेळ, मादीची खूण आणि उचलणाऱ्याचे नाव, तेही पेन्सिलीने. बॉलपेनची शाई बर्फाच्या पेटीत उतरते.

माळावरचा

विषय बंदिस्त कळपाचा आहे हे मान्य, पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरील काळविटांसाठीही ही पद्धत वापरता येईल का? तेथे तर पकडण्याचा विचारही करता येत नाही.

संप्रेरक अभ्यासक

काळवीट हे खरे तर हरिणवर्गातले नसून गाई-शेळ्यांच्या कुळातले आहे, पण पद्धत तीच राहते. अडचण ओळखीची आहे. मोकळ्या कळपात तीच मादी महिनाभर पुन्हा पुन्हा सापडणे कठीण, त्यामुळे एकेका मादीचे निदान सोडून द्यावे लागेल आणि ऋतूनुसार कळपाची सरासरी कशी हलते एवढाच अंदाज घेता येईल. लेंडीतील पेशींवरून डीएनए काढून ओळख पटवता येते. ते महाग आणि वेळखाऊ आहे. अभयारण्यातून लेंडी उचलण्यासाठीही वन विभागाची परवानगी लागते, हे विसरू नये.

पशुवैद्य, होटगी रस्ता

सर्वांचे आभार. ‘सकाळपाळी’ यांनी मांडलेली अडचण मला खरोखरच सुचली नव्हती. ठिपक्यांच्या वहीचे काम आम्ही सुरू करत आहोत.

काही व्यावहारिक शंका उरतात. आमच्याकडे उणे 20 अंशांचा डीप फ्रीझर आहे, पण वीज जाते आणि उन्हाळ्यात कधी कधी बराच वेळ येत नाही. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 40 च्या वर असतो आणि लेंडी काळ्या जमिनीवर पाहता पाहता वाळते. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या पावसात, ती विरघळून जाते. नमुने टिकवायचे कसे? दुसरे, उन्हाळ्यात आम्ही ज्वारीचा कडबा अधिक देतो आणि पावसाळ्यात हिरवा मका व लसूणघास. याचा आकड्यांवर परिणाम होतो का? आणि शेवटचे, नमुने कोठे पाठवावेत?

संप्रेरक अभ्यासक

टिकवण्याबद्दल. लेंडी बाहेर पडली तरी तिच्यातील जिवाणूंचे काम थांबत नाही. ते संप्रेरकद्रव्यांची मोडतोड करत राहतात आणि काही तासांत आकडा बदलतो, कधी खाली, कधी चक्क वर. गोठवणे म्हणजे हे काम थांबवणे. वीज गेली आणि नमुना वितळला की ते पुन्हा चालू होते, आणि वितळून पुन्हा गोठलेला नमुना बाहेरून अगदी निर्दोष दिसतो, म्हणून तो अधिक धोक्याचा. फ्रीझरचा भरवसा नसेल तर उचलल्यावर लगेच ओव्हनमध्ये साठ अंशांच्या आसपास पूर्ण वाळवून, कुटून, हवाबंद डबीत सिलिका जेलसह ठेवा. अल्कोहोलमध्येही ठेवता येते, पण शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि तो मिळेपर्यंत तुमचा विणीचा हंगाम उलटून जाईल. कोणतीही पद्धत निवडा, मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच ठेवा. निम्मे नमुने गोठवलेले आणि निम्मे वाळवलेले असतील तर त्यांची तुलना करता येत नाही. पावसात भिजलेली लेंडी टाकून द्यावी, तिच्यातून द्रव्ये धुऊन गेलेली असतात.

चाऱ्याचा परिणाम होतो. तंतुमय चारा वाढला की लेंडीचे एकूण प्रमाण वाढते आणि तेच संप्रेरक अधिक मालात विभागले जाऊन दर ग्रॅमचा आकडा उतरतो. म्हणून कडब्यावरच्या मे महिन्यातील आकड्याची हिरव्या चाऱ्यावरच्या ऑगस्टमधील आकड्याशी तुलना करू नये, आणि नमुने घेण्याच्या चार आठवड्यांत चारा बदलू नये. आकडा नेहमी कोरड्या वजनावर मांडायचा, हे प्रयोगशाळा करतेच. दुसऱ्या केंद्रातील किंवा एखाद्या शोधनिबंधातील ‘इतक्याच्या वर म्हणजे गाभण’ असा उंबरठा उसना आणू नका. प्रत्येक मादीचा तळ तिचा स्वतःचा असतो.

तुमचा स्वतःचा उंबरठा ठरवण्याचा एक बिनखर्ची मार्ग आहे. आजपासूनच सर्व ओळखता येणाऱ्या माद्यांचे नमुने साठवायला लागा, तपासणीला नंतर पाठवा. चितळाचा गर्भकाळ साधारण साडेसात ते आठ महिन्यांचा असतो. जी मादी पुढे विईल, तिच्या विण्याच्या तारखेपासून मागे मोजले की साठवलेल्यांपैकी कोणते नमुने गर्भारपणाचे होते हे निर्विवाद कळते. त्यांच्या शेजारी नराचे, वयात न आलेल्या पाडसांचे आणि नुकत्याच व्यायलेल्या मादीचे नमुने ठेवा. या दोन गटांतील फरक प्रयोगशाळेला स्वच्छ दिसला तरच ती चाचणी तुमच्या कळपासाठी लागू आहे असे मानावे. प्रयोगशाळेने अर्क क्रमाक्रमाने पातळ करून त्याची रेषा प्रमाणित द्रावणाच्या रेषेला समांतर जाते का हे पाहिले आहे का, एवढा एक प्रश्न अवश्य विचारा. उत्तर टाळले गेले तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.

हैदराबादला सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राची लॅकोन्स ही संकटग्रस्त प्राण्यांच्या संवर्धनासाठीची प्रयोगशाळा आहे. 2006 मध्ये कृत्रिम रेतनातून चितळाचे पाडस जन्माला घालण्याचे काम तिथल्याच शास्त्रज्ञांचे, आणि विष्ठेतील संप्रेरकांवरही तेथे दीर्घकाळ काम झाले आहे. सोलापूरहून हमरस्ता सरळ हैदराबादला जातो, वाळवलेले नमुने नेण्यास अडचण नाही. संस्थेच्या अधिकृत पत्राने आणि वन विभागाच्या परवानगीसह आधी पत्रव्यवहार करा. चाचणीच्या एका तबकडीत 96 खळगे असतात. प्रमाणित द्रावणे आणि प्रत्येक नमुन्याची दुहेरी तपासणी धरली तर साधारण चाळीसच्या आत नमुने बसतात, म्हणजे चार-पाच माद्यांचा चार आठवड्यांचा हिशेब. खर्च या एककात मोजा. पाठवायच्या माद्याच तपासा, सगळा कळप नको.

आता जे विचारलेले नाही ते सांगतो, कारण माझ्या मते निर्णय तिथे आहे. चितळ वर्षभर विऊ शकते, तरी माजाचा जोर उन्हाळ्यात असतो आणि पाडसे मोठ्या प्रमाणावर हिवाळ्यात येतात. म्हणजे पावसाळा संपल्यावर तुमच्या बहुतेक प्रौढ माद्या चार-पाच महिन्यांच्या गाभण असण्याची शक्यता आहे आणि वाहतुकीसाठी हाच काळ सर्वांत गैरसोयीचा आहे. चाचणी उत्तम झाली तरी ती बहुधा ‘पाठवू नका’ असेच सांगेल. नर माद्यांबरोबर आहेत तोवर ‘गाभण नाही’ हा निकालदेखील कागदावर उतरेपर्यंत जुना होतो, कारण नमुना आणि ट्रक यांच्या मधल्या दिवसांत मादी गाभण राहू शकते. चितळाच्या नरांची शिंगे एकाच वेळी झडत नाहीत. एक मखमलीत असतो तेव्हा दुसरा पूर्ण शिंगांचा आणि समागमाला तयार असतो, त्यामुळे ‘सध्या नर शांत आहेत’ हा युक्तिवादही टिकत नाही.

म्हणून क्रम उलटा करावा. ज्या माद्या पाठवायच्या आहेत त्यांना आधी नरांपासून वेगळ्या आवारात न्या आणि ती तारीख लिहून ठेवा. त्यानंतर निदान तीन आठवडे जाऊ द्या, मग चार आठवड्यांचे नमुने घ्या. ज्यांची पातळी मधे तळाला गेली त्यांना पाठवण्यास हरकत नाही. ज्यांची सतत चढलेली राहिली त्यांना थांबवा. ज्यांची सतत खालीच राहिली, त्या चक्रातच नाहीत. गर्भ नाही हे खरे, पण मादी वयस्क, कुपोषित किंवा आजारी तर नाही ना हे तुम्ही पाहायला हवे. शंका उरलेल्या मादीसाठी आणखी दोन आठवडे नमुने चालू ठेवा. आणि एवढेही शक्य नसेल तर वेगळे केलेल्या तारखेपासून पूर्ण आठ महिने थांबा. त्या अवधीत जी व्याली नाही ती गाभण नव्हती, याला प्रयोगशाळा लागत नाही.

सकाळपाळी (प्राणिसंग्रहालयात काम केलेला)

वेगळे आवार करणार असाल तर पाडस अजून पीत असलेल्या माद्या त्यात घेऊ नका. आई आणि पाडस कुंपणाच्या दोन बाजूंना राहिले तर दोघेही जाळीला धडका देतात. कुंपणाला खालपासून पुरुषभर उंचीपर्यंत हिरवी जाळी किंवा बारदान लावा, म्हणजे नर दिसणार नाहीत आणि माद्या लवकर स्थिरावतील. पहिल्या आठवड्यातील नमुने मी तरी मोजणीत धरणार नाही.

पशुवैद्य, होटगी रस्ता

व्यवस्थापनाला पावसाळ्यानंतरची तारीख पुढे ढकलण्याची शिफारस करणारे पत्र आज देत आहे. आवार वेगळे करण्याची परवानगी मिळाली की तारीख इथे कळवीन आणि पहिल्या चार आठवड्यांचे आकडे आल्यावर ते मादीनिहाय मांडीन.